फोर्ट स्टिकीन, १४ एप्रिल १९४४ : आग कशाने लागली आणि स्फोट कशाने झाला?

मांडवीकर

अग्निशमन सप्ताह आला (१४ ते २० एप्रिल) की मुंबईच्या गोदीतल्या १९४४ च्या स्फोटाबद्दल व्हॉट्सॅपवर ठरलेले चार फॉरवर्ड फिरायला लागतात. जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला. आझाद हिंदवाल्यांनी घातपात केला. इंग्रजांनी सोनं गडप करायला जहाज स्वतःच उडवलं. आणि चौथा, हमालाने विडी टाकली. चारही एकाच ग्रुपवर, एकाच दिवशी, आणि चारही पाठवणारे ठाम.

चर्चेला पाया हवा म्हणून आधी ठाऊक असलेल्या गोष्टी. जहाज एस. एस. फोर्ट स्टिकीन, ७,१४२ ग्रॉस टन, १९४२ साली कॅनडात प्रिन्स रूपर्टला बांधलेलं. २४ फेब्रुवारी १९४४ ला इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं, कराची करून १२ एप्रिलला मुंबईत, व्हिक्टोरिया गोदी, १ नंबरचा धक्का. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, त्यातला २३८ टन अतिसंवेदनशील 'अ' वर्गातला. शिवाय लढाऊ विमानं, लाकूड, भंगार लोखंड, वंगणतेलाची पिंपं, कापसाच्या गासड्या आणि ३१ पेट्यांत सोन्याच्या विटा. कापूस आणि तेल कराचीत चढवलं. या मिश्रणाबद्दल कप्तान नेस्मिथने तक्रार केली होती.

दुपारी दोनच्या सुमारास २ नंबरच्या फाळक्यातून (फाळका म्हणजे जहाजाच्या पोटातला माल ठेवायचा कप्पा) धूर दिसल्याची आरोळी. ३:५० ला जहाज सोडायचा हुकूम. ४:०६ ला पहिला स्फोट, ४:३४ ला दुसरा. मृतांचे आकडे ८०० पासून १,३०० पर्यंत दिले जातात, त्यात अग्निशमन दलाचे ६६.

कुणाला काय 'वाटतं' ते नको. कुठली गोष्ट टिकते आणि कुठली का टिकत नाही, ते लिहा.

शंकेखोर

जपान्यांचा हात इतक्या सहज उडवून लावू नका. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, तपशिलासकट बातमी दिली. इथल्या वर्तमानपत्रांना मात्र मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत छापायची बंदी. शत्रूला माहीत आणि आपल्याला नाही, हे कसं?

शिवाय तारीख बघा. त्याच १४ एप्रिलला मणिपुरात मोइरांगला आझाद हिंद फौजेने झेंडा फडकवला. योगायोग म्हणायचा?

गोदीकर

शंकेखोर, बातमी कळणं आणि कृत्य करणं यात फरक आहे. बारा-बारा किलोमीटरवर काचा फुटल्या, कुलाब्याच्या वेधशाळेतल्या भूकंपमापकाने धक्का टिपला. ते गुपित राहतंय कसलं? सेन्सॉरने बातमी दाबली आणि अफवांना महिनाभर मोकळं रान मिळालं. आजचे निम्मे फॉरवर्ड त्या महिन्याची पैदास आहेत.

आता टॉर्पेडो. व्हिक्टोरिया गोदी ही दरवाज्याची, बंदिस्त गोदी होती. भरती-ओहोटीचा फरक आत लागू नये म्हणून दरवाजा लावून आतलं पाणी धरून ठेवायचे. बाहेरून मारलेला टॉर्पेडो दगडी भिंत किंवा दरवाजा फोडल्याशिवाय १ नंबरच्या धक्क्याला पोचणार कसा? विमानाचं म्हणाल तर जपान्यांच्या ताब्यातलं पोर्ट ब्लेअर मुंबईपासून दोन हजार किलोमीटरहून लांब, मध्ये अख्खा द्वीपकल्प. भर दुपारी विमान आलं, गेलं, आणि बंदरातल्या एकानेही पाहिलं नाही?

पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट पुरेशी आहे : आधी आग, मग स्फोट. मध्ये दोन तासांहून जास्त वेळ. शेजारच्या जहाजांवरच्या लोकांना तर साडेबारा-पाऊणच्या सुमारासच वाऱ्याच्या नळांतून धूर दिसला होता, कुणी कळवलं नाही. म्हणजे साडेतीन तास. टॉर्पेडो किंवा बॉम्ब आधी फुटतो, आग नंतर लागते.

बंबखाना

+१. आमच्या कामात घटनास्थळी पहिला प्रश्न हाच असतो : आधी काय? आजच्या काळातलं उदाहरण देतो, थोडं अवांतर आहे.

चाळीत, बिल्डिंगमध्ये स्फोट झाला की बातमी ठरलेली, 'सिलिंडरचा स्फोट'. जाऊन बघावं तर सिलिंडर अख्खा, कधी कधी निम्म्याहून जास्त भरलेला. फुटलेली असते ती खोली. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. हवेत साधारण २ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, साडेनऊ टक्क्यांच्या वर गेला की हवा कमी पडते. २५ घनमीटरच्या स्वयंपाकघराला २ टक्के म्हणजे अर्धा घनमीटर, वजनात जेमतेम १ किलो. रेग्युलेटर नीट न बसणं, वॉशर गेलेला, नळी उंदराने कुरतडलेली. रात्रभरात एवढा गॅस सहज बाहेर येतो. हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत बसतो. सकाळी फ्रिजचा थर्मोस्टॅट टिक् झाला की संपलं. अशा वेळी भिंती बाहेरच्या बाजूला ढकललेल्या मिळतात, खड्डा नसतो आणि आग नंतर लागते.

खुद्द सिलिंडर फाटतो तेव्हा कथा उलटी. आधी बाहेर आग, तिच्यात सिलिंडर तापतो, द्रवाच्या पातळीच्या वरचा पत्रा मऊ पडतो आणि उभा चिरतो. पत्रा उलगडलेला मिळतो, तुकडे लांब फेकलेले. इथे आग आधी.

हे दोन प्रकार घटनाक्रमावरून सुटतात, तज्ज्ञ लागत नाही. फोर्ट स्टिकीनलाही हीच कसोटी लावा.

कापूसकोंड्या

गोदीकरांचं पटलं. पण कापसाबद्दल जे लिहिलं जातं त्यात दोन घोळ आहेत.

पहिला घोळ आकड्याचा. इंटरनेटवर ८७,००० गासड्या असं सर्रास छापलेलं असतं. करून बघा गणित. त्या काळची गासडी ३९२ पौंड, म्हणजे १७८ किलो. ८७,००० गासड्या = साडेपंधरा हजार टन. हे अख्खं जहाज ७,१४२ ग्रॉस टन. ग्रॉस टन हे वजन नसून आकारमान असतं, १ टन = १०० घनफूट = २.८३ घनमीटर. म्हणजे इंजिनखोलीसकट, खलाशांच्या खोल्यांसकट सगळी बंदिस्त जागा साधारण २०,२०० घनमीटर. दाबलेली गासडी ०.४ घनमीटर धरली तर ८७,००० गासड्यांना ३४,८०० घनमीटर लागतात. कापूस जहाजाच्या बाहेर लोंबत आला होता का? दुसरीकडे मिळणारा आकडा ८,७०० चा आहे : १,५५० टन, ३,५०० घनमीटर. हा बसतो. कुणीतरी एक शून्य चिकटवलं आणि ते ऐंशी वर्षं वाढदिवस साजरे करतंय.

दुसरा घोळ 'तेलकट कापूस आपोआप पेटला' हा. आपोआप तापायला तेल हवेतला प्राणवायू ओढणारं लागतं. जवस पहिल्या नंबरावर, माशाचं तेल तसंच. रंगाऱ्याच्या जवसाच्या तेलाच्या चिंध्या कोपऱ्यात गोळा करून ठेवल्या तर पेटतात त्या यामुळे. सरकीचं तेल मधलं, जिनिंगमध्ये सरकी चिरडली गेली की त्रास देऊ शकतं. पण पिंपांमध्ये होतं वंगणतेल, खनिज. ते जवळजवळ ओढतच नाही. पिंप गळून गासडी भिजली तर आग पसरायला मदत होईल, लागायला नाही.

ओला कापूस हे वेगळं प्रकरण. ओलसर गासडीत जंतूंनी उष्णता होते, पण ती ६०-७० अंशांपाशी थांबते कारण जंतूच मरतात. पुढे जायला रासायनिक क्रिया लागते आणि वेळ लागतो. नाकारत नाही, पण यादीत वर ठेवणार नाही.

रसायनी

@कापूसकोंड्या, भर घालतो. आजच्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांत ओला कापूस आणि तेलकट कापूस-कचरा हे दोन्ही वर्ग ४.२ मध्ये, म्हणजे 'आपोआप पेटू शकणारे'. कोरडे वनस्पतीजन्य तंतू ४.१ मध्ये. ही विभागणी तुम्ही सांगताय त्याच कारणाने आहे.

आणि वर्ग १.१ ची स्फोटकं (एकदम सगळी फुटणारी) आणि ४.१ किंवा ४.२ यांच्यात किती अंतर हवं? तक्त्यात आकडा ४. त्याचा अर्थ : जहाजाच्या लांबीच्या दिशेने मध्ये एक अख्खा फाळका मोकळा किंवा निरुपद्रवी मालाचा. फोर्ट स्टिकीनच्या २ नंबरच्या फाळक्यात कापूस खाली आणि स्फोटकं वर होती. मध्ये फाळका सोडाच, एका डेकचं अंतर.

शंकेखोर

मान्य, टॉर्पेडो गेला खड्ड्यात. पण घातपात? वेळेवर पेटणारं काहीतरी कापसात ठेवलं असेल तर 'आधी आग' ही तुमची कसोटी त्याला लागूच होत नाही.

गोदीकर

बरोबर, लागू होत नाही. म्हणून तिथे दुसरी कसोटी : कापसापर्यंत हात कुणाचा आणि कधी पोचत होता.

कराचीत खालच्या भागात कापूस रचला, त्यावर बाकीचा माल आला. तेव्हा ठेवलेलं यंत्र मुंबईत पोचून, माल उतरायला लागल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारीच पेटावं, हे फार लांब पल्ल्याचं घड्याळ झालं. बरं, कापूस कराचीपासून धुमसत असता तर १३ तारखेला फाळका उघडून उतरलेल्या टोळीला आधी वास आला असता. जळक्या कापसाचा वास लपत नाही. त्यामुळे पेटण्याची वेळ १४ तारखेच्या सकाळी किंवा जेवणाच्या सुट्टीच्या आसपास येते. साडेबाराला काम थांबलं, दीडच्या सुमाराला माणसं परत आली आणि धूर दिसला. त्या अवधीत खाली कोण होतं हा प्रश्न उरतो, आणि त्याचं सगळ्यात साधं उत्तर सिगारेट किंवा विडी हेच आहे. नंतरच्या सरकारी चौकशीनेही कापूस हीच आगीची संभाव्य जागा मानली.

'हमालाने टाकली' यावर मात्र आक्षेप आहे. फाळक्यात, डेकवर, वाऱ्याच्या नळांपाशी वावरणारे हमाल, खलाशी, टॅली क्लार्क (माल मोजणारे कारकून), पहारेकरी, सगळेच होते. फॉरवर्डमध्ये दोष नेहमी सगळ्यात खालच्या माणसाच्या नावावर चढतो.

बंबखाना

इथून पुढे माझा प्रांत. आग लागली कशाने यावर आपण शंभर प्रतिसाद लिहू शकतो, पण ती विझली का नाही यात खरं शिकण्यासारखं आहे.

कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो, पाणी त्यावरून ओघळतं. शिवाय दाबलेली गासडी. होज मारलात तर बाहेरचा बोटभर थर भिजतो, आत निखारा तसाच. आतली हवा त्याला पुरते. गासडीची आग विझवायची तर ती बाहेर काढून, पट्ट्या तोडून, उकलून, थराथराने भिजवावी लागते; पाण्यात साबणासारखं ओलावा पकडणारं द्रव्य घातलं तर बरं. विझली समजून गोदामात परत रचलेली गासडी दोन-चार दिवसांनी पुन्हा पेटलेली आम्ही कापसाच्या आगींत कायम धरून चालतो. आगीत पट्ट्या तुटल्या तर अजून एक ताप : गासडी फुगते, रचलेला माल ढकलते, खाली जायची वाट बंद.

इथे बाहेर काढायला वेळ नव्हता, धुरात आगीचं मूळ सापडत नव्हतं. मग पाणी ओतत राहिले, ९०० टनांहून जास्त. फाळक्याचा तळ ढोबळ ३०० चौरस मीटर धरला तर नुसत्या पाण्याची उंची ३ मीटर. दाबलेल्या गासडीची घनता पाण्याच्या निम्म्याहून कमी, म्हणजे ती तरंगते. काय झालं असेल ते डोळ्यापुढे आणा : खालचा जळता कापूस पाण्याबरोबर वर उचलला गेला, वरच्या स्फोटकांच्या दिशेने. जहाजाच्या बाजूचा रंग फोड येऊन सोलायला लागला, पाणी उकळायला लागलं. पत्रा कापून आगीपर्यंत थेट पोचायचा प्रयत्न झाला तर गॅस कटर चालेना.

रसायनी

वाफेचं काय? चौकशीने ठपका ठेवला त्यात हेही होतं ना, की फाळका बंद करून वाफ सोडली नाही.

बंबखाना

होय. कापसासाठी पहिल्या अर्ध्या तासात तोच उपाय योग्य होता : फाळका बंद, वाऱ्याचे नळ ताडपत्रीने बंद, आत वाफ. प्राणवायू तुटतो, आग धुमसत राहते पण वाढत नाही, आणि तेवढ्या वेळात निर्णय घेता येतो. वाफ १०० अंशांच्या आसपासची, ती स्वतः दारूगोळा पेटवत नाही.

पण हा उपाय डोळे झाकून सगळीकडे लावायचा नाही. तीन वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ ला, अमेरिकेत टेक्सास सिटीत ग्रँडकँप जहाजावर हेच केलं. माल भिजू नये म्हणून फाळका बंद करून वाफ. माल होता अमोनियम नायट्रेट, सुमारे २,३०० टन. त्याच्या पोटातच प्राणवायू असतो, हवा तोडून उपयोग शून्य, उलट आतली उष्णता आणि दाब वाढला. सकाळी ९:१२ ला उडालं, पाचशेच्या वर माणसं गेली आणि गावचं अग्निशमन दल जवळजवळ संपलं.

म्हणून जहाजावर पाय ठेवायच्या आधी कार्गो प्लॅन हातात हवा. कुठल्या फाळक्यात, कुठल्या थरावर, काय. २०१५ ला चीनमधल्या तियानजिनमध्ये गोदामात नेमकं काय आहे हे न कळता पाणी मारलं. १७३ मृतांत निम्म्याहून जास्त अग्निशमनवाले.

गोदीकर

फोर्ट स्टिकीनवर स्फोटकं आहेत हे कळायची साधी सोय होती, लाल बावटा. स्फोटकं चढवता-उतरवताना 'बी' निशाण लावायचं, रात्री लाल दिवा. फोर्ट स्टिकीनवर तो बावटा नव्हता. हाही चौकशीतला ठपका. लाल बावटा असता तर शेजारच्या जहाजांवर साडेबाराला धूर बघणाऱ्यांनी बहुधा तोंड उघडलं असतं. हा माझा तर्क.

बाकीचे ठपके : कापूस स्फोटकांखाली रचणं, स्फोटकं आधी उतरवायची सोडून रेंगाळणं, अग्निशमन दलाला उशिरा कळवणं.

धूर दिसल्यानंतरचा वादही बघण्यासारखा. एक म्हणे जहाज बाहेर समुद्रात काढा, तर इंजिन दुरुस्तीला उघडलेलं. दुसरा म्हणे जागेवर बुडवा, तर गोदीत तळाखाली तेवढं पाणी नाही. बसलं असतं तरी वरचा थर कोरडाच. तिसरा म्हणे पाणी मारत राहा. शेवटचा शब्द कुणाचा हे ठरलेलं नव्हतं, म्हणून निर्णय झालाच नाही आणि पाणी चालू राहिलं.

मांडवीकर

दुसरा स्फोट २८ मिनिटांनी का? आणि नुकसान त्यानेच जास्त झालं असं म्हणतात.

गोदीकर

पहिला २ नंबरच्या फाळक्याचा. त्याने जहाजाचे दोन तुकडे केले, शेजारचं ४,००० टनांचं जलपद्म जहाज उचलून धक्क्यावर टाकलं, जळता कापूस शहरभर उडवला. मागच्या बाजूचा ४ नंबरचा फाळका तेव्हा शाबूत होता, तिथे वेगळा साठा. आजूबाजूच्या आगीत तो तापत गेला आणि ४:३४ ला गेला. पहिल्या स्फोटानंतर मदतीला धावलेले, बघायला जमलेले, बरेच तोवर आवाक्यात आले होते. मांडवी, मस्जिद बंदर, दाणा बंदरकडच्या वखारींत धान्य, तेल, लाकूड. आगी लागायला आणखी काय हवं!

शंकेखोर

आणि सोनं? तेही बोला.

कापूसकोंड्या

३१ पेट्या, पेटीत ४ विटा, १२४ विटा. वीट २८ पौंड, १२.७ किलो. एकूण दीड टनाच्या थोडं वर. किंमत त्या वेळी ८ लाख ९० हजार पौंड. गडप करायचं असतं तर १,४०० टन दारूगोळ्याने शहरभर उधळण्यापेक्षा सोपा मार्ग सापडला असता. एक वीट तर मैलभर लांब एका घराचं छप्पर फोडून आत पडली आणि घरमालकाने परत केली. बहुतेक विटा परत मिळाल्या, काही तर १९७० च्या दशकापर्यंत गाळ काढताना सापडत होत्या.

शंकेखोर

तरीही, घातपात झालाच नाही असं तुम्ही कुणी सिद्ध केलेलं नाही.

गोदीकर

नाही केलं. ठिणगी कुणाची हे 'बहुधा'च्या पुढे जात नाही. पण तुमचा घातपाती मान्य केला तरी त्याने पेटवला असेल तो कापूस. त्यावर स्फोटकं त्याने रचली नाहीत, ती कराचीत नकाशा काढून, सह्या होऊन रचली गेली. वर नुसतं लाकूड असतं तर एक फाळका जळाला असता आणि आज या जहाजाचं नावही कुणाला ठाऊक नसतं.

रसायनी

मॉडरेटर, शीर्षकात दोन प्रश्न ठेवलेत ते तसेच राहू द्या, जोडून एक करू नका.

मांडवीकर

ठेवतो. अजून एक विचारायचं होतं. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये गोदीत जिवंत तोफगोळा सापडल्याची बातमी होती. आता प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया दोन्ही गोद्या भरून टाकल्यात, मग प्रश्न मिटला का?

गोदीकर

बहुतेक भरावाखाली गेलं. पण स्फोटाने माल गोदीच्या बाहेरही फेकला होता. त्या पट्ट्यात गाळ काढताना ड्रेजरच्या बकेटमध्ये गंजलेलं, एका टोकाला निमुळतं काही आलं तर बकेट आहे तिथेच थांबवायची, उचलायची नाही, आपटून गाळ झाडायचा नाही, माणसं लांब करून पोलिसांना आणि नौदलाला कळवायचं. पाण्यात ऐंशी वर्षं राहिल्याने दारू 'मेलेली' असते हा समज चुकीचा आहे. धातूचं कवच कुजतं, आतला माल बऱ्याचदा तसाच असतो आणि फ्यूजचा भरवसा आधीपेक्षा कमी झालेला असतो.